‘द मिशन’ आणि इतिहासाचा तास

भारतीय चित्रपटाचा उगम एका अर्थी शिकविणाऱ्या चित्रपटातच आहे. १९१०च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला आणि पडद्यावरील ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. ही हकीगत त्यांनी स्वतःच सांगून ठेवली आहे. त्या दर्शनाचे फळ म्हणजे १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’. चरित्र, पुराण आणि इतिहास डोळ्यांना दाखवून लोकांना शहाणे करावे ही आकांक्षा आपल्या चित्रपटाच्या गर्भातच होती. म्हणून आज एखादा शिक्षक इतिहासाच्या तासाला पडदा लावतो तेव्हा तो काही नवे करीत नाही. एक जुनीच परंपरा तो वर्गात आणतो.

परंतु या परंपरेची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली आला आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम महाराष्ट्राच्या मनात असा बसला की अनेकांना तुकोबा आठवतात ते पागनिसांच्याच चेहऱ्याने. त्या चित्रपटात बीज आणि वृक्ष यांच्यावरील एक गोड पद आहे. कित्येकांनी ते तुकोबांचा अभंग समजून गायिले. जाणत्यांनीही गाथेत त्याचा शोध घेतला. ते पद वस्तुतः शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिले होते. आठवल्यांच्या प्रतिभेला याहून मोठी पावती मिळणे कठीण. तथापि इतिहासाच्या शिक्षकाने या पावतीकडे थोडे सावधपणे पाहिले पाहिजे. चित्रपट इतिहास दाखवितो तसाच तो इतिहासात भरही घालतो, आणि घातलेली भर कोणती हे पडद्यावर कोठेही लिहिलेले नसते.

या लेखात आम्ही एकच चित्रपट तपासणार आहोत. तो आहे ‘द मिशन’. रोलंड जॉफे यांनी दिग्दर्शित केलेला आणि रॉबर्ट बोल्ट यांनी लिहिलेला हा चित्रपट १९८६ साली प्रदर्शित झाला, त्याच वर्षी कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा मानकरी ठरला, आणि पुढे छायालेखनासाठी त्याला ऑस्करही मिळाले. हाच चित्रपट निवडण्याचे कारण उघड आहे. आपल्या गुरुविद्यालयांत, धर्मग्रामांच्या सभागृहांत, युवक शिबिरांत तो वर्षानुवर्षे भक्तिभावाने दाखविला जातो. दुसऱ्यांच्या आवडत्या चित्रपटाची चिकित्सा करणे सोपे असते. आपल्याला स्वतःला सुखावणारा चित्रपट चिकित्सेला घेतला तरच आपली कसोटी खरी आहे की नाही हे कळते.

पडद्यावरील कथा

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेतील प्रचंड धबधब्याच्या वरच्या अंगाला गुआरानी जमातीचे लोक राहतात. क्रूसाला बांधून प्रवाहात सोडलेला एक धर्मगुरू त्या धबधब्यावरून कोसळतो, येथून चित्रपट सुरू होतो. त्याच्या जागी फादर गॅब्रिएल हा येशूसंघीय धर्मगुरू कडा चढून जातो आणि अरण्यात बसून ओबो वाजवितो. संगीताने गुआरानींची मने उघडतात व मिशन उभे राहते. रॉद्रिगो मेंदोझा हा माणसे पकडून विकणारा भाडोत्री सैनिक. एका स्त्रीपायी तो आपल्या भावाचा खून करतो, पश्चात्तापाने खचतो, आपली शस्त्रास्त्रे जाळ्यात बांधून तो भार ओढीत धबधब्याचा कडा चढतो. ज्यांची त्याने शिकार केली त्यांच्यातीलच एक जण सुरीने तो दोर कापून टाकतो. पुढे मेंदोझा येशूसंघात प्रवेश करतो. इकडे स्पेन व पोर्तुगाल यांच्या करारामुळे मिशनची भूमी पोर्तुगालकडे जाणार असते. निवाड्यासाठी आलेला कार्डिनल आल्तामिरानो मिशने सोडून देण्याचा आदेश देतो. मेंदोझा तलवार हाती घेतो. गॅब्रिएल परमप्रसाद हाती धरून मिरवणुकीने गोळ्यांना सामोरा जातो. दोघेही मरतात. उरलेली काही मुले होडीतून अरण्याकडे निघून जातात.

या चित्रपटाचे मोठेपण आम्हाला मान्य आहे. दोर कापण्याचा तो प्रसंग पाप, प्रायश्चित्त आणि क्षमा यांवरील कित्येक प्रवचनांहून प्रभावी आहे, आणि त्यात संवाद जवळजवळ नाहीच. एन्नियो मोरिकोने यांचे संगीत, धबधब्याचा तो घनगंभीर नाद, जेरेमी आयर्न्स यांच्या चेहऱ्यावरील शांती यांनी अठरावे शतक आपल्याजवळ येते. पाठ्यपुस्तकातील चार ओळींनी जे साधत नाही ते दोन तासांत साधते: दूरच्या कोणा माणसांचे सुखदुःख विद्यार्थ्याला आपले वाटू लागते. इतिहास शिकण्याची पहिली पायरी हीच आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या पायरीचा.

कागदोपत्रींचा इतिहास

चित्रपटाच्या प्रारंभीच प्रेक्षकाला सांगितले जाते की यातील ऐतिहासिक घटना सत्य असून त्या १७५०च्या सुमारास अर्जेंटिना, पॅराग्वे व ब्राझील यांच्या सीमाप्रदेशात घडल्या. तेव्हा हा दावा इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याचा अधिकार प्रेक्षकाला चित्रपटानेच दिला आहे.

१३ जानेवारी १७५० रोजी माद्रिद येथे स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. प्लाता नदीच्या मुखावरील कोलोनिया देल साक्रामेंतो हे ठाणे पोर्तुगालने स्पेनला द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात उरुग्वे नदीच्या पूर्वेकडील सात गुआरानी नगरांचा प्रदेश घ्यावा, असे ठरले. त्या नगरांतील सुमारे ३०,००० गुआरानींनी घरेदारे, मळे व चर्च सोडून नदीपलीकडे निघून जावे, अशी त्यातील अट होती. इथपर्यंत चित्रपट आणि इतिहास एकमेकांच्या जवळ आहेत. येथून पुढे वाटा फुटतात.

पहिला फरक काळाचा. चित्रपटात मिशन आपल्या डोळ्यांदेखत उभे राहते आणि थोड्याच काळात उद्ध्वस्त होते. प्रत्यक्षात गुआरानींमधील येशूसंघाची पहिली वसाहत १६०९ सालची. माद्रिदच्या करारापर्यंत या नगरांना एकशेचाळीस वर्षे होऊन गेली होती. १७३२ साली अशा तीस नगरांत मिळून सुमारे १,४०,००० लोक राहत होते. माणसे पकडून नेणाऱ्या टोळ्यांचा खरा सुळसुळाट होता तो १६२० ते १६४० या काळात, आणि १६४१ साली म्बोरोरे येथे गुआरानींनी स्वतः बंदुका घेऊन त्या टोळ्यांचा निर्णायक पराभव केला होता. बोल्ट यांनी दीड शतक घडी घालून एका पिढीत बसविले. नाटककार असे करतो, आणि करण्याचा त्याला अधिकारही आहे. परंतु त्या घडीत काय झाकले गेले हे शिक्षकाने उलगडून दाखविले पाहिजे. झाकला गेला तो एक संपूर्ण नागर समाज. या गुआरानींची स्वतःची नगरसभा होती, सैन्य होते, वाद्ये व मूर्ती घडविणाऱ्या कार्यशाळा होत्या, आणि अठराव्या शतकाच्या प्रारंभी त्यांच्या नगरांत छापखानाही चालला होता. पडद्यावर दिसतात ती अरण्यातून नुकतीच बाहेर आलेली निरागस लेकरे. १७५०चा खरा गुआरानी हा चार-पाच पिढ्या अक्षर ओळखणाऱ्या घरातील नागरिक होता.

दुसरा फरक आल्तामिरानोचा. चित्रपटात तो कार्डिनल आहे. मिशनचे काय करावे याचा निवाडा त्याच्या हाती आहे आणि त्याच्या मनातील द्वंद्व हा कथेचा कणा आहे. इतिहासातील लोपे लुईस आल्तामिरानो कार्डिनल नव्हता. तो येशूसंघाचाच धर्मगुरू होता, आणि येशूसंघाच्या वरिष्ठांनीच त्याला पाठविले होते. निवाडा करण्याचा प्रश्नच नव्हता, कारण करार आधीच झाला होता. त्याची अंमलबजावणी करून घेणे, आपल्या बांधवांना आज्ञापालनाच्या व्रताची आठवण देऊन गुआरानींना हलविणे, हे त्याचे काम. गुआरानींच्या रोषामुळे त्याला तेथून निघून जावे लागले. आता जरा विचार करावा. हातात परमप्रसाद घेऊन मरणारा गॅब्रिएल आपल्याला आपला वाटतो, आणि निर्णय देणारा कार्डिनल हा दूरचा, दरबारी, परका वाटतो. चित्रपटाने वेदना आणि पुण्य एका झग्याला दिले व दोष दुसऱ्या झग्याला. इतिहासात दोन्ही एकाच संघात होते. पुष्कळदा एकाच माणसात होते. बहुतेक धर्मगुरूंनी जड अंतःकरणाने का होईना, आज्ञा पाळण्याचा प्रयत्न केला. आणि गुआरानींपैकी अनेकांना वाटू लागले की ज्यांना आम्ही पाय धरून बाप म्हटले त्यांनीच आम्हाला विकले. हा संशय चित्रपटात ठळकपणे येत नाही. आपल्या सभागृहांत टाळ्या पडतात त्या या उणिवेवर उभ्या आहेत.

ज्यांना नाव नाही

तिसरा फरक सर्वांत महत्त्वाचा आहे. चित्रपटात गुआरानींचा लढा उभा करतो तो मेंदोझा. तोफ कशी मिळवावी, होड्या कशा अडवाव्यात, हे सर्व त्याचे डोके. गुआरानींचा मुख्य पडद्यावर आहे, पण त्याला नाव नाही. आल्तामिरानोपुढे तो बोलतो ते गॅब्रिएलच्या दुभाषेपणातून. एवढ्या मोठ्या चित्रपटात ज्यांचे घर जाते त्यांच्यापैकी एकाचेही नाव घेऊन प्रेक्षक घरी जात नाही.

इतिहासाला मात्र नावे ठाऊक आहेत. सान मिगेल नगराचा सेपे तियाराजू, कन्सेप्सियोन नगराचा निकोलास न्येंगिरू हे या लढ्याचे गुआरानी पुढारी होत. सेपे ७ फेब्रुवारी १७५६ रोजी मारला गेला. तीन दिवसांनी, १० फेब्रुवारीस, काइबोआते येथे स्पेन व पोर्तुगाल यांच्या संयुक्त सैन्यापुढे सुमारे १,५०० गुआरानी पडले. आज सेपेची आठवण ब्राझीलच्या दक्षिण भागात जिवंत आहे. २००९ साली ब्राझीलने कायद्याने त्याचे नाव राष्ट्रवीरांच्या ग्रंथात नोंदविले.

याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांची पत्रे. १७५३ साली या नगरांच्या प्रमुखांनी बुएनोस आयरेसच्या गव्हर्नरला आपल्या गुआरानी भाषेत पत्रे लिहिली. आम्हाला कोणी जिंकलेले नाही, आमचे पूर्वज आपखुशीने राजाचे प्रजाजन झाले, राजाने आम्हाला रक्षणाचे वचन दिले आहे, ही भूमी आम्ही आमच्या श्रमाने उभी केली आहे, ती आम्ही का सोडावी, असा त्यांचा एकंदर आशय आहे. राजाला वस्तुस्थिती कळली तर तो असे करणार नाही, हा विश्वासही त्यांत आहे. आणि या युक्तिवादाच्या मुळाशी एक दारुण उपरोध आहे. ज्या कोलोनियाच्या बदल्यात त्यांची घरे जात होती, ते कोलोनिया १६८० साली पोर्तुगिजांकडून जिंकून घेण्यासाठी स्पेनच्या राजाच्या बाजूने लढले होते ते हेच गुआरानी. राजासाठी त्यांनी रक्त सांडून जे मिळविले, त्याच ठाण्याच्या मोबदल्यात राजाने त्यांना देऊन टाकले. बोल्ट यांच्यासारख्या सिद्धहस्त लेखकाच्या हाती हा प्रसंग लागला असता तर त्याचे सोने झाले असते. पण त्यासाठी गुआरानीला बोलू द्यावे लागले असते.

चित्रपटाचा शेवटही इतिहासाचा शेवट नव्हे. पडद्यावर सर्व जळून जाते, मुले नग्न होऊन अरण्यात परततात. प्रत्यक्षात माद्रिदचा करार १७६१ साली रद्द झाला आणि पुष्कळ गुआरानी आपल्या नगरांत परत आले. १७७७च्या करारानेही ती नगरे स्पेनकडेच राहिली. पोर्तुगिजांनी ती घेतली १८०१ साली. दरम्यान येशूसंघ पोर्तुगालच्या राज्यातून १७५९ साली, स्पेनच्या राज्यातून १७६७ साली हद्दपार झाला होता आणि १७७३ साली पोप चौदावे क्लेमेंट यांनी तो विसर्जितच केला. म्हणजे धर्मगुरू गेले तरी गुआरानी तेथेच होते. आजही त्यांची भाषा जिवंत आहे. १९९२च्या राज्यघटनेने ती पॅराग्वेची राजभाषा झाली आहे. शोकान्त कथेला सर्वांचा अंत लागतो. इतिहासात माणसे उरतात आणि पुढे जगतात. ज्या समाजाला आपण पडद्यावर संपलेला पाहतो त्याच्याविषयी आपल्याला दया वाटते. जो अजून आहे त्याच्याविषयी कर्तव्य वाटावे लागते.

१९८६ सालाचा दस्तऐवज

मग हा चित्रपट वर्गात दाखवूच नये काय? आमचे उत्तर याच्या अगदी उलट आहे. तो अवश्य दाखवावा, मात्र १७५०चा पुरावा म्हणून नव्हे. चित्रपट हा ज्या काळाविषयी असतो त्यापेक्षा ज्या काळात तयार होतो त्याचा अधिक विश्वसनीय साक्षीदार असतो.

१९८० साली एल साल्व्हादोरमध्ये आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांची मिस्साबली अर्पण करीत असताना हत्या झाली. लॅटिन अमेरिकेतील मुक्तीचे ईशज्ञान हा त्या दशकातील ख्रिस्तसभेतील सर्वांत तीव्र वादाचा विषय होता; त्यावर रोमहून १९८४ साली एक आणि १९८६ साली दुसरे निवेदन प्रसिद्ध झाले. गरिबांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या धर्मगुरूने शस्त्र धरावे काय, हा तेव्हाचा जळता प्रश्न होता. आता गॅब्रिएल आणि मेंदोझा यांचा अखेरचा संवाद पुन्हा ऐकावा. एक प्रीतीचा मार्ग सांगतो, दुसरा तलवारीचा. हा वाद १७५६ सालच्या धर्मगुरूंचा असण्यापेक्षा १९८०च्या दशकातील धर्मगुरूंचा अधिक आहे. या चित्रपटाचे सल्लागार म्हणून शांततावादी अमेरिकन येशूसंघीय कवी डॅनियल बेरिगन यांनी काम पाहिले व त्यात एक छोटी भूमिकाही केली, हे योगायोगाने घडले नाही. शेवटी पडद्यावर येणारा मजकूर तर आजही चालू असलेल्या आदिवासींच्या लढ्याचा आणि त्यांच्यासाठी प्राण वेचणाऱ्या धर्मगुरूंचा सरळ उल्लेख करतो. अशा रीतीने पाहिले की चित्रपटातील ‘चुका’ केवळ चुका राहत नाहीत. प्रत्येक बदलाला कारण सापडते, आणि कारण शोधणे हेच इतिहासाचे काम.

फ्रान्समधील मार्तें गेर याच्या तोतयाची कथा १९८२ साली चित्रपटात आली तेव्हा इतिहासकार नॅटली झीमन डेव्हिस या तिच्या सल्लागार होत्या. काम करताना त्यांना जाणवले की पडद्यावर ‘कदाचित’ या शब्दाला जागाच नाही. म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी त्याच विषयावर ग्रंथ लिहिला. आम्हाला वाटते, शाळेतील शिक्षकाचे काम हेच आहे: चित्रपटाने गाळलेला ‘कदाचित’ वर्गात परत आणणे.

वर्गात काय करावे

यासाठी फार मोठी सामग्री लागत नाही. इतिहासाच्या वाट्याला आठवड्यातून मोजकेच तास येतात आणि त्यांतही अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई असते, हे आम्ही जाणतो. दोन तासांचा चित्रपट दाखवून मुलांना निबंध लिहावयास लावणे परवडतही नाही आणि उपयोगाचेही नाही. त्याऐवजी वीस मिनिटांचा एकच भाग निवडावा. ‘द मिशन’मध्ये आल्तामिरानोसमोरील सुनावणीचा भाग पुरेसा आहे. तो दाखविण्यापूर्वी फळ्यावर नकाशा काढावा व १६०९, १६४१, १६८०, १७५० ही चार साले लिहावीत. पाहून झाल्यावर चार प्रश्न विचारावेत. येथे कोण बोलते आणि कोणासाठी दुसरा बोलतो? यात काय दाखविलेले नाही? हे कोणत्या साली, कोणी, कोणासाठी तयार केले? आणि याची दुसरी साक्ष कोठे मिळेल? मग गुआरानींच्या पत्रांचा आशय वाचून दाखवावा. नवव्या इयत्तेतील विद्यार्थ्याला हे चार प्रश्न जड जात नाहीत. जड जाते ती आपली सवय, जिला पडदा लागला म्हणजे तास संपला असे वाटते.

हेच प्रश्न घरच्या इतिहासालाही लावावेत. रिचर्ड ॲटनबरो यांचा ‘गांधी’ (१९८२) आपल्या शाळांतून दाखविला जातो. त्या तीन तासांच्या चित्रपटात डॉ. बाबासाहेब आंबेडकर नाहीत. १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगात झालेल्या उपोषणावर ज्या करारामुळे पडदा पडला तो पुणे करार नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने हे लक्षात आणून दिले नाही तर आपण त्याला काय शिकविले? जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ (२०००) त्याच्या शेजारी ठेवावा, दोहोंतील एकेक प्रसंग दाखवावा, आणि मग निकाल सांगण्याची घाई शिक्षकाने करू नये. दोन साक्षी समोरासमोर आल्या की मुले आपोआप तिसरी मागतात.

कोणी म्हणेल, मनोरंजनाच्या वस्तूला इतके गंभीरपणे घेण्याचे कारण काय? कारण समाज ती गंभीरपणे घेतोच. २०१७ साली राणी पद्मावतीवरील चित्रपटाचा कोल्हापूरजवळच्या मसाई पठारावरील देखावा जमावाने पेटविला. तेव्हा चित्रपट पूर्ण व्हावयाचा होता. कोणी एक दृश्यही पाहिले नव्हते. अल्लाउद्दीन खिलजीने चितोड घेतले ते १३०३ साली, आणि मलिक मुहंमद जायसीने ‘पद्मावत’ रचले ते १५४० साली. या दोन सालांमधील दोनशेसदतीस वर्षांचे अंतर ज्याला शाळेत कोणी दाखविले असेल तो काडी ओढण्यापूर्वी क्षणभर थांबेल, अशी आशा आम्ही करतो. आज मुलाच्या हातातील फोनवर एखाद्या ऐतिहासिक चित्रपटाचा दोन मिनिटांचा तुकडा येतो, मागेपुढे काही नसलेला. त्यातील तलवार ओळखता येते, साल ओळखता येत नाही. चित्रपट वर्गाबाहेर ठेवल्याने मुले त्यापासून वाचत नाहीत. ती फक्त एकटी पडतात.

आपल्या दाराशी

गुआरानींची कथा आपल्यापासून वाटते तितकी दूर नाही. १६४० साली आंतोनियो रुइझ दे मोंतोया या येशूसंघीयाचे गुआरानी व्याकरण व शब्दकोश माद्रिद येथे प्रसिद्ध झाले. त्याच १६४० साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे कोकणी व्याकरण साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. ‘ख्रिस्तपुराण’कार तोवर निवर्तून एकवीस वर्षे झाली होती. पृथ्वीच्या दोन टोकांना एकाच संघातील माणसे एकाच वेळी लोकभाषा लिहून काढीत होती. आणि १७५९ साली पोर्तुगालच्या ज्या फर्मानाने ब्राझीलमधून येशूसंघ गेला त्यानेच तो गोव्यातूनही गेला.

१७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. माद्रिदच्या कराराआधी अवघी अकरा वर्षे. कोणते राज्य आले आणि कोणते गेले हे तहनाम्यात आहे. मागे राहिलेल्या गावकऱ्यांना, शेत कसणाऱ्या व मासे धरणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांना कोणी विचारले होते काय, हे त्यात नाही. उद्या या वेढ्यावर कोणी भव्य चित्रपट काढील. एका घरात तो विजयाचा सोहळा म्हणून पाहिला जाईल, दुसऱ्या घरात आपल्या पडलेल्या चर्चची कथा म्हणून. दोन्ही घरांतील मुले एकाच शाळेत, एकाच बाकावर बसतात. त्या दिवशी त्यांच्या शिक्षकाजवळ ते चार प्रश्न तयार असले पाहिजेत, आणि मुलांना ते आधीपासून सवयीचे झालेले असले पाहिजेत. त्यासाठी सुरुवात दुसऱ्याच्या चित्रपटापासून करू नये. आपण ज्या चित्रपटाच्या शेवटी डोळे पुसतो त्यापासूनच ती करावी. गॅब्रिएलसाठी अश्रू ढाळलेल्या मुलाला दिवे लागल्यावर सेपे तियाराजूचे नाव सांगावे, आणि ते नाव चित्रपटात का नव्हते हे त्यालाच शोधू द्यावे.